पायलट व्हायचंय? मग अकरावीला कोणते विषय घ्यायचे? संपूर्ण माहिती



आम्ही धानोरीत राहतो. लोहगावचं विमानतळ इथून जवळच. हवाई दलाचं सुखोई डोक्यावरून गेलं की फोनवरचं बोलणं अर्ध्यात थांबवायचं आणि आवाज विरला की पुढे सुरू करायचं, ही इथली रोजची सवय. अशा भागात वाढलेल्या पोरापोरींना कधी ना कधी पायलट व्हावंसं वाटतंच. माझ्या मामेबहिणीलाही वाटत होतं.

तिचा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म मी भरला. ‘दादा, तूच भर, तुला फोनमधलं सगळं कळतं,’ असं ती म्हणाली आणि मी तो दहा मिनिटांत भरून टाकला. पायलटला सायन्स लागतं एवढं मला माहीत होतं, म्हणून शाखा सायन्स निवडली. प्रवेश मिळाल्यावर कॉलेजात विषय विचारले. तिला गणिताची धास्ती होती, मामीला वाटत होतं मेडिकलचा रस्ता उघडा राहावा. गणित सोडून बायोलॉजी घेतलं. मी म्हणालो, ‘चालेल.’

दोन वर्षांनी एका फ्लाइंग अकादमीत चौकशीला गेलो. तिथल्या सरांनी बारावीची मार्कशीट हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘मॅथ्स कुठंय?’

माझ्या त्या एका ‘चालेल’मुळे तिचं एक वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून आज आपण हा विषय नीट समजून घेऊया. कोणते विषय लागतात, का लागतात, फॉर्म भरताना काय बघायचं आणि चूक झालीच असेल तर ती कशी सुधारायची, सगळं क्रमाने पाहू.

थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा:

- बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन्ही विषय हवेत. एक असून भागत नाही.
- इंग्रजी चांगलं हवं. बोलायला आणि ऐकून समजायला.
- केमिस्ट्री, बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स यांची पायलटच्या लायसन्ससाठी अट नाही.
- ‘सायन्स घेतलं म्हणजे झालं’ हे चूक आहे. सायन्समध्येही गणित सोडता येतं, आणि घोळ तिथेच होतो.

हा नियम कोणाचा?

भारतात पायलटचं लायसन्स देणारी सरकारी संस्था म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, सगळे तिला डीजीसीए म्हणतात. लायसन्सच्या पायऱ्या अशा आहेत:

१. स्टुडंट पायलट लायसन्स (एसपीएल): वय १६ पूर्ण, दहावी पास. हे शिकाऊ लायसन्स.

२. प्रायव्हेट पायलट लायसन्स (पीपीएल): वय १७ पूर्ण, दहावी पास. हौसेसाठी उडवता येतं, पगार घेऊन नाही.

३. कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल): वय १८ पूर्ण, बारावी पास आणि त्यात फिजिक्स व मॅथ्स. नोकरीसाठी हेच लागतं.

४. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स (एटीपीएल): वय २१ पूर्ण आणि १५०० तासांचं उड्डाण. कॅप्टन व्हायचं असेल तर हे लागतं.

बघा, पहिल्या दोन पायऱ्यांना दहावी पुरते. त्यामुळे बरेच जण शिकायला लागतात, तासही भरायला लागतात आणि तिसऱ्या पायरीवर येऊन अडकतात. गणित नसलेल्या मुलाला एसपीएल मिळू शकतं, पण त्याचं सीपीएल होत नाही. म्हणून विषयांची खात्री सगळ्यात आधी करायची, पैसे भरायच्या आधी.

सीपीएलसाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात किमान १०० तास तुम्ही स्वतः पायलट इन कमांड असायला हवं. एक लांब प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा करावा लागतो, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे ५ तास आणि फक्त उपकरणं बघून उडवण्याचे १० तास वेगळे.

याशिवाय लेखी पेपर असतात: एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला ७० टक्के लागतात. बारावीला ३५ वर पास होतो, इथे नाही. विमानाच्या रेडिओवर बोलायचं वेगळं प्रमाणपत्र असतं, त्याला आरटीआर म्हणतात.

पण फिजिक्स-मॅथ्सच का?

‘हल्ली सगळं कॉम्प्युटर करतो, मग गणित कशाला?’ हा प्रश्न मलाही पडला होता. बहिणीच्या नेव्हिगेशनच्या पुस्तकात डोकावल्यावर उत्तर मिळालं. चार उदाहरणं देतो, सगळी आपल्याच भागातली.

उदाहरण १: एक डिग्रीची चूक

पुणे ते नागपूर सरळ रेषेत साधारण ३२५ सागरी मैल, म्हणजे ६०० किलोमीटरच्या आसपास. समजा विमानाची दिशा फक्त १ डिग्री चुकली. पायलटकडे यासाठी एक पाठ नियम असतो: ६० मैल गेल्यावर १ डिग्रीच्या चुकीने तुम्ही १ मैल बाजूला जाता. म्हणजे नागपूरपर्यंत साडेपाच मैल, जवळजवळ १० किलोमीटर बाजूला. चूक ३ डिग्री असेल तर ३० किलोमीटर.

हा ६० आला कुठून? एक रेडियन म्हणजे ५७.३ डिग्री, हे अकरावीच्या त्रिकोणमितीत येतं. तोंडी हिशोबाला सोपं जावं म्हणून ५७.३ चे ६० केले, एवढंच.

उदाहरण २: लोहगावचा आडवा वारा

पुण्याच्या धावपट्टीला १० आणि २८ असे नंबर आहेत. नंबरपुढे शून्य लावा, दिशा मिळते: एका टोकाकडून १०० डिग्री, दुसऱ्या टोकाकडून २८० डिग्री. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, म्हणून विमान २८ च्या बाजूने उतरतंय असं धरू. वारा २५० डिग्रीवरून २० नॉटने येतोय. धावपट्टी आणि वाऱ्यातला कोन ३० डिग्री. बाजूने ढकलणारा वारा किती? २० गुणिले साइन ३०, म्हणजे १० नॉट. समोरून येणारा किती? २० गुणिले कॉस ३०, म्हणजे साधारण १७ नॉट.

प्रत्येक विमानाला आडव्या वाऱ्याची मर्यादा असते आणि शिकाऊ पायलटला तर त्याहून कमी मर्यादा घालून देतात. हा हिशोब उतरण्याआधी डोक्यात व्हायला हवा, कारण तेव्हा दोन्ही हात कामात असतात.

उदाहरण ३: मे महिन्यातलं पुणे म्हणजे कळसूबाई

हे माझं सगळ्यात आवडतं. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १९४२ फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी ४० डिग्री तापमान आहे असं धरा. हवा तापली की विरळ होते. विमानाचे पंख ज्या हवेवर टेकतात तीच विरळ झाली तर उचल कमी मिळते आणि इंजिनाचाही जोर घटतो.

किती फरक पडतो? प्रमाण मानलेल्या हवेत समुद्रसपाटीला १५ डिग्री असतात आणि दर हजार फुटांना सुमारे २ डिग्री उतरतात. त्या हिशोबाने १९४२ फुटांवर ११ डिग्री हवेत. आहेत ४०, म्हणजे २९ डिग्री जास्त. दर जादा डिग्रीला साधारण १२० फूट धरतात. २९ गुणिले १२० म्हणजे ३४८० फूट. हवेचा दाब नेहमीसारखा आहे असं मानून बेरीज केली तर ५४०० फुटांच्या वर जाते. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. थोडक्यात, मे महिन्यातल्या दुपारी लोहगावच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान हवेच्या हिशोबाने कळसूबाईच्या माथ्यावर उभं असतं! तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ. उचल वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे तेच वजन उचलायला साधारण ८ टक्के जास्त वेग लागतो आणि त्यासाठी जास्त लांब धावावं लागतं. वजन, तापमान आणि धावपट्टीची लांबी यांचं गणित जुळलं नाही तर माणसं किंवा सामान कमी करावं लागतं. हे सगळं बारावीच्या फिजिक्समधलं आहे.

उदाहरण ४: तुमच्या फोनमधला अल्टिमीटर

विमान आपली उंची हवेच्या दाबावरून ओळखतं. काही स्मार्टफोनमध्येही दाब मोजणारा बॅरोमीटर सेन्सर असतो. तुमच्या फोनमध्ये असेल तर एक प्रयोग करा. ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं. ते फोनचे सेन्सर वापरून फिजिक्सचे प्रयोग करू देतं. घरी दाबाचा आकडा लिहून घ्या आणि रविवारी सिंहगडावर जाऊन पुन्हा बघा. शहरापेक्षा गड साडेसातशे मीटर उंच आहे, त्यामुळे आकडा ८० हेक्टोपास्कलच्या आसपास उतरलेला दिसेल.

आता गंमत अशी की हवामान बदललं तरी दाब बदलतो. म्हणून पायलटला प्रत्येक विमानतळावर त्या वेळचा दाब रेडिओवर विचारून अल्टिमीटर जुळवावा लागतो. जमिनीच्या जवळ एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे उंचीत साधारण ३० फुटांची चूक. १० हेक्टोपास्कल चुकले तर ३०० फूट, आणि ढगात समोर डोंगर दिसत नसतो.

कॉम्प्युटर हे सगळं करतो हे खरं आहे. पण त्यात आकडा चुकीचा टाकला गेला तर ‘हे उत्तर बरोबर वाटत नाही’ हे ओळखणारा माणूस लागतो. फिजिक्स-मॅथ्स त्यासाठी.

इंग्रजीचं काय? मी मराठी मीडियमचा आहे

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पायलटला इंग्रजी भाषेची पातळी ४ किंवा त्याहून वरची लागते. एकूण पातळ्या सहा. यात शेक्सपियर विचारत नाहीत. उच्चार समजण्यासारखे हवेत, ऐकलेलं बरोबर कळायला हवं आणि अडचण आली तर ती साध्या शब्दांत सांगता यायला हवी.

हे किती महत्त्वाचं आहे ते आपल्या देशाने पाहिलंय. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ हवेत धडकले. ३४९ माणसं गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं. चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाने त्या चमूच्या अपुऱ्या इंग्रजीचाही उल्लेख केला.

मराठी मीडियमवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. रेडिओवरची वाक्यं ठरलेली आणि छोटी असतात. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचा, बातम्या ऐका, ऐकलेलं आपल्या शब्दांत फोनवर रेकॉर्ड करून परत ऐका. अकरावी-बारावीची दोन वर्षं त्यासाठी पुष्कळ झाली.

आणि भूगोल विसरू नका. अक्षांश-रेखांश, वारे, ढग, मान्सून, प्रमाणवेळ, हे शाळेच्या भूगोलातलं सगळं हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशनच्या पेपरात परत भेटतं. पुस्तकं रद्दीत टाकायच्या आधी विचार करा.

अकरावीचा फॉर्म: नेमकं कुठे लक्ष द्यायचं?

पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये अकरावीचे प्रवेश बऱ्याच वर्षांपासून ऑनलाइन होतात. २०२५-२६ पासून ही पद्धत पूर्ण राज्याला लागू झाली. या ऑनलाइन फॉर्ममध्ये तुम्ही शाखा आणि कॉलेज निवडता. विषयांचा गट बहुतेक ठिकाणी नंतर, कॉलेजात प्रवेश पक्का करताना ठरतो. आमचा घोळ इथेच झाला. शाखा बरोबर होती, गट चुकला.

पर्याय साधारण असे असतात:

- पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स): पायलटसाठी सरळ रस्ता.
- पीसीएमबी (वरचे तीन आणि बायोलॉजी): चालतं. डॉक्टर की पायलट असा गोंधळ असेल तर दोन्ही दारं उघडी राहतात, पण अभ्यास जास्त.
- पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी): गणित नाही, म्हणून सीपीएलला चालत नाही.
- बायफोकल (कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स): चालतं, पण फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही शिल्लक आहेत ना हे बघा. बायफोकल विषय २०० मार्कांचा असतो आणि तो दुसरी भाषा व एका विषयाच्या जागी येतो.
- कॉमर्स विथ मॅथ्स: गणित आहे पण फिजिक्स नाही, म्हणून चालत नाही.

सीबीएसईवाल्यांसाठी एक सूचना. तिथे ‘मॅथेमॅटिक्स’ (कोड ०४१) आणि ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ (कोड २४१) हे दोन वेगळे विषय आहेत. तुम्ही ०४१ घ्या.

अजून एक गोष्ट. ‘बघू, बारावीला गणित घेईन’ असं चालत नाही. अकरावीला जे विषय तेच बारावीला पुढे जातात. म्हणून निर्णय दहावीनंतरच्या त्या दोन-तीन आठवड्यांतच होतो.

नुसतं पास होऊन भागेल का?

लायसन्ससाठी दोन्ही विषयांत पास असणं पुरतं. पण चांगल्या ठिकाणी प्रवेशाला टक्केवारी लागते. उदाहरणार्थ, उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे खुल्या गटाला इंग्रजी, मॅथ्स आणि फिजिक्स या प्रत्येक विषयात ५० टक्के लागतात, राखीव गटांना ४५. प्रवेश परीक्षेतही बारावीच्या पातळीचं गणित आणि फिजिक्स असतं. एअरलाइन कंपन्यांच्या कॅडेट योजनांमध्येही किमान टक्केवारीची अट असते. त्यामुळे ६० च्या वर राहायचं ठरवा, म्हणजे कुठेच अडणार नाही.

गणित सुटलंय? रस्ता आहे!

आता माझ्या बहिणीसारख्या मुलामुलींसाठी. आयुष्य संपलेलं नाही, शांतपणे वाचा.

राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, हे केंद्र सरकारचं मंडळ आहे. आधीच बारावी पास असलेल्यांना तिथे ‘पार्ट ॲडमिशन’ मिळतं, म्हणजे एक ते चार सुटे विषय घेऊन परीक्षा देता येते. पूर्ण बारावी परत करायची गरज नाही. मॅथ्सचा कोड ३११, फिजिक्सचा ३१२.

- पीसीबी झालेल्यांनी फक्त मॅथ्स घ्यायचं.
- कॉमर्स विथ मॅथ्सवाल्यांनी फिजिक्स घ्यायचं. त्याचं प्रॅक्टिकलही असतं.
- आर्ट्स किंवा गणित नसलेल्या कॉमर्सवाल्यांनी दोन्ही घ्यायचे.

प्रवेश ऑनलाइन होतो. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. मागणीनुसार परीक्षेची सोयही आहे. मार्कशीट स्वतंत्र मिळते, ती बारावीच्या मूळ मार्कशीटबरोबर जोडायची.

बहिणीने हेच केलं. सकाळी बीएस्सीचं कॉलेज, संध्याकाळी गणित. पहिले दोन महिने ती माझ्याशी नीट बोलत नव्हती आणि ते बरोबरच होतं. मी तिच्यासोबत बसून इंटिग्रेशन परत शिकलो. पास झाली, पण शिकायला लागून, फॉर्म भरून, निकाल येऊन तो डीजीसीएच्या पडताळणीपर्यंत पोचायला वर्ष गेलं. अकरावीला हेच काम वेगळ्या फीशिवाय आणि वर्ष न घालवता झालं असतं.

पैसे भरण्याआधी ही चार कामं करा

१. नाव जुळवा. दहावी, बारावी, आधार आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नाही, यावरून अर्ज अडकतात. दहावीची मार्कशीट हातात आली की लगेच तपासा, दुरुस्ती तेव्हाच सोपी असते. मार्कशीट डिजिलॉकरमध्येही ठेवा.

२. मेडिकल करा. आधी क्लास २, मग क्लास १. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच. कमर्शियल लायसन्सला क्लास १ लागतं. चष्मा असला तरी नजर चष्म्याने नीट होत असेल तर बहुतेकदा अडत नाही. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र अडचण येऊ शकते, म्हणून लाखो रुपये भरायच्या आधी हे कळलेलं बरं.

३. संस्था तपासा. मान्यता असलेल्या फ्लाइंग स्कूलची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते. इन्स्टाग्रामवरची जाहिरात बघून पैसे पाठवू नका. ‘एव्हिएशन मॅनेजमेंट’, ‘बीबीए एव्हिएशन’ असे कोर्स पायलटचे नसतात, ते विमानतळ किंवा कंपनीतल्या ऑफिसच्या कामाचे असतात.

४. खर्चाचा हिशोब घरी मोकळेपणाने करा. भारतात सीपीएलपर्यंत साधारण ४० ते ६० लाख लागतात. त्यानंतर एअरबस किंवा बोइंगसारख्या ठराविक विमानाचं टाइप रेटिंग, त्याचे काही लाख वेगळे. एवढं करूनही नोकरी लगेच मिळेलच असं नाही. मोठ्या कर्जाला बँक तारण मागते, म्हणजे बरेचदा घर. हा निर्णय एकट्याने घ्यायचा नसतो.

पुण्याच्या आसपास काय आहे?

पुण्याहून शंभर किलोमीटरवर बारामतीच्या विमानतळावर पायलट प्रशिक्षण चालतं. राज्यात गोंदिया, शिरपूर आणि धुळे इथेही आहे. पुण्यात हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. हवेचं फिजिक्स समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही. आधी चौकशी करून मग जा.

खडकवासल्याची एनडीए हा वेगळा रस्ता आहे. तिथून हवाई दलात जायचं तरी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतात.

म्हणून मी पीसीएम घ्या असं सांगतो. पायलट नाही झालात तरी इंजिनीअरिंग, विमान दुरुस्तीचं एएमई लायसन्स, एनडीए हे रस्ते याच विषयांवर उघडे राहतात. पुढे एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचं असेल तर त्यालाही इंजिनीअरिंग किंवा फिजिक्स-मॅथ्ससह बीएस्सी लागतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही परवानगी मिळणार असं ऐकलंय. खरं का?
उत्तर: फिजिक्स-मॅथ्सची अट काढण्याचा प्रस्ताव असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या होत्या. पण प्रस्ताव म्हणजे नियम नाही. फॉर्म भरायच्या दिवशी डीजीसीएच्या वेबसाइटवर जे लिहिलंय त्यावरच निर्णय घ्या. आणि अट उद्या निघाली तरी आडव्या वाऱ्याचं साइन ३० काही निघणार नाही, ते शिकावंच लागेल.

प्रश्न: दहावीनंतर डिप्लोमा केला तर?
उत्तर: तुमचा डिप्लोमा बारावी फिजिक्स-मॅथ्सच्या बरोबरीचा धरला जाईल का, याचं डीजीसीएकडून लेखी उत्तर घ्या आणि मगच पैसे भरा. अकादमीच्या माणसाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

प्रश्न: पदवी लागते का?
उत्तर: सीपीएलसाठी नाही. पण हाताशी एक पदवी असलेली बरी, मंदीत उपयोगी पडते.

प्रश्न: मुलींसाठी वेगळे नियम आहेत का?
उत्तर: विषय, तास आणि परीक्षा सारख्याच. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फोकर विमानाचं कोलकाता-सिल्चर उड्डाण संपूर्ण महिला चमूसह केलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली.

प्रश्न: गणितात मी कच्चा आहे, जमेल का?
उत्तर: पायलटला अवघड गणित कमी आणि सोपं गणित पटकन व अचूक जास्त लागतं. त्रिकोणमिती, वेग-वेळ-अंतर, टक्केवारी, एककं बदलणं, आलेख वाचणं. यावर रोज अर्धा तास घालवा.

शेवटचं

फेब्रुवारी २०२५ पासून आपल्याकडे पायलटचं लायसन्सही इलेक्ट्रॉनिक झालंय. ते ई-जीसीए ॲपमध्ये फोनवर दिसतं. पण त्या लायसन्सपर्यंत नेणारा पहिला फॉर्मही याच फोनवर भरला जातो, आणि तो बहुतेकदा घरातला एखादा दादा किंवा ताई घाईघाईत भरते.

बहिणीचं आता क्लास २ मेडिकल झालंय आणि ती हवामानशास्त्राच्या पेपरची तयारी करतेय. रोज सकाळी ती लोहगावचा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, फोनवर उघडते आणि मला वाचायला लावते. वेळ जागतिक असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. गेल्या आठवड्यात मी बेरीज चुकलो. ती म्हणाली, ‘दादा, यावेळी चालेल म्हणू नकोस.’

तुमच्या ओळखीत कोणी यंदा दहावी दिली असेल आणि त्याला किंवा तिला पायलट व्हायचं असेल तर हा लेख त्यांना पाठवा. आणि त्यांचा फॉर्म जो कोणी भरणार असेल, त्यालाही नक्की पाठवा.